सटवाईचं पातं

आमच्या भागात मूल सटवाईनं नेलं एवढं म्हटलं की चौकशी संपत असे. कुणाचा दोष नाही, कुणावर आळ नाही. बाळ जन्मल्यावर पाचवीला ही देवी घरात येते आणि त्याच्या कपाळावर नशीब लिहिते. एखाद्याच्या कपाळावर लिहायचं तिच्या मनात नसलं, तर त्याला घेऊनच जाते. तिच्याशी माझं भांडण बरीच वर्षं चाललं. ते कसं मिटलं, ते सांगते.

संपादकांनी 'आपल्या सेवाकार्याविषयी' लिहा म्हणून कळवलं आहे. सेवाकार्य हा शब्द बहुधा पगार न वाढवणाऱ्यांनी शोधून काढला असावा. मी नोकरी केली. नागपुरास सुईणपणाचं शिक्षण घेतलं आणि वाशीमच्या आसपासच्या खेड्यांत हेल्थ व्हिजिटर म्हणून हिंडले. लोकांनी त्याचं 'हेल्तबाई' करून टाकलं, आणि त्या नावाला मी ओ देऊ लागले. ज्या कमिटीच्या पगारावर मी होते तिचं नाव इथे लिहीत नाही. तिचे काही सभासद हयात आहेत, आणि उरलेल्यांचे मुलगे वकील आहेत.

माझं काम बाळंतपण करणं हे नव्हतं. ते करणाऱ्या बाया गावोगावी पिढ्यान् पिढ्या होत्याच. त्यांना गोळा करून हात धुवायला शिकवायचं, नखं कापायला लावायची, नाळ कशानं आणि कशी कापावी ते दाखवायचं आणि गरोदर बायांची घरं धुंडाळायची, हे माझं काम. कधी सर्व्हिस मोटार, बहुधा छकडा आणि बाकी पाय. शिकवलेलं किती रुजलं हे पाहायची एकच रीत होती. काही आठवड्यांनी त्याच दारात जाऊन उभं राहायचं आणि आतून रडण्याचा आवाज येतो का ते ऐकायचं. रडणं बाळाचं असलं तर ठीक. आईचं असलं तर चप्पल काढायच्या आधीच कळे.

सटवाई म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकांना सांगायला हवं. नाळ कापायला विळा घेत. तोच विळा गोठ्यात चारा तोडायचा, शेणाच्या पाटीत पडायचा. कापल्यावर बेंबीला गोवरीची राख लावत, जखम सुकते म्हणून. शेणामातीत धनुर्वाताचं विष असतं. ते त्या ओल्या जखमेतून आत जाई. दोनचार दिवस बाळ छान पीत असे. मग एका सकाळी ते स्तन तोंडात धरी आणि ओढीत नसे. दातखीळ बसे. हात लावला, नुसतं दार वाजलं, तरी अंग धनुष्यासारखं वाकडं होई. आठव्या दिवसाच्या आत बहुतेक आटोपे. त्यावर तेव्हा औषध असून नसल्यासारखं होतं. जे करायचं ते आधी करायचं, नाहीतर आईजवळ बसून राहायचं.

असंच मी शिरपूरला पार्वतीजवळ बसले होते. तिथल्या जुन्या जैन देवळामागच्या आळीत तिच्या सासरचं घर, चार एकर कोरडवाहू, बैलजोडी, खाऊनपिऊन बरे लोक. तिचं ते तिसरं मूल, आधीची दोन अशीच गेलेली. मी पोचले तेव्हा त्याची मूठ उघडत नव्हती. पार्वती बोलत नव्हती. रडतही नव्हती. मांडीवरचं मूल हलू नये म्हणून ती श्वाससुद्धा जपून घेत होती. तिची सासू जनाबाई दारात उभी राहून मला म्हणाली, "हेल्तबाई, तुमी कायले बसून राह्यल्या? सटवीची नजर पडली. हिच्या कुशीतच खोट हाय."

"खोट कुशीत नाही जनाबाई, विळ्यात आहे."

"इळा माह्या सासूचा हाय. त्याच इळ्यानं किसनाची नाळ कापली. थो बैलावानी हिंडून राह्यला."

जगलेला मुलगा हा फार मोठा पुरावा असतो.

मूल गेलं. पुढे वर्षभरात पार्वतीला पुन्हा दिवस राहिले, आणि जनाबाईनं वेशीपासून विहिरीपर्यंत सांगून ठेवलं, "यंदाबी सटवीनं नेलं तं किसनाले दुसरी करून देऊ." पार्वतीचा नवरा किसन भला माणूस होता. म्हणजे आई बोलत असताना तो बैलांना पाणी पाजायला जात असे.

त्याच सुमारास आमच्या कमिटीचा बाल-सप्ताह भरला. तालुक्याच्या गावी मांडव, कमानी, एका अडत्याकडून आणलेला धान्याचा तराजू, त्यावर तोलायला आलेली बाळं. जिल्ह्याच्या इंग्रज साहेबांच्या बाईसाहेबांच्या हस्ते गुटगुटीत बाळाला चांदीचा पेला मिळे. दरवर्षी तो अशाच घरी जाई जिथे चांदीचे पेले आधीच होते. अध्यक्षांनी 'बालक हेच राष्ट्राचं धन' या विषयावर इतका वेळ भाषण केलं की राष्ट्राचं धन भुकेनं किंचाळू लागलं. माझी तक्रार भाषणाबद्दल नव्हती. तराजूत बसलेली मुलं ही मुळात जगलेली मुलं होती. गेलेल्यांचं प्रदर्शन कोणी भरवत नाही.

त्या वर्षी मात्र एक कामाची गोष्ट झाली, असं मला वाटलं. शिकलेल्या सुइणींना कमिटीनं पत्र्याची एकेक पेटी दिली. आत मखमल, मखमलीत विलायती कात्री, झाकणावर बाईसाहेबांचं नाव कोरलेलं. दर तपासणीला पेटी आणून दाखवायची आणि कात्री चकचकीत दिसली पाहिजे, असा हुकूम. पुढल्या तपासणीला सगळ्या कात्र्या आरशासारख्या दिसल्या. बाईसाहेबांनी समाधान व्यक्त केलं. मला मात्र शंका आली, कारण माझी स्वतःची कात्री वापरून वापरून काळवंडली होती.

शिरपूरची सुईण सारजा मांगवाड्यात राहायची. हाडापेरानं बारीक, आवाजानं दांडगी. ज्या घरात तिला पाण्याच्या घागरीला हात लावू देत नसत, त्या घरातल्या प्रत्येक माणसाला या जगात पहिला हात तिचाच लागलेला असे. या गोष्टीवर गावात कुणी विचार केलेला मला आढळला नाही. मी तिच्या झोपडीत गेले तर पेटी आढ्याला टांगलेली, वर धुतलेलं फडकं.

"सारजाबाई, कात्री वापरता का?"

"वापरतो ना."

"खरं सांगा."

तिनं माझ्या चपलांकडे पाहिलं. मग म्हणाली, "बाई, तुमी रागावसान. नाही वापरत."

"काहून?" मीही तिच्या बोलीत शिरले. राग आला की मला तसं होतं.

"आता आयका. ज्यानं नाळ कापली थे लोखंड बाळंतिनीच्या उशाशी राह्यते. पाचवीले पाट्यावर मांडून त्याची पूजा होते. थे हाललं तं सटवाई लिहीन कोनापुढं? आता तुमची कैची म्या एका घरी ठेवली, अन् दुसऱ्या दिसी दुसरी बाई आडली, तं तिथं कायनं कापू? दातानं? अन् तपासनीले कैची दिसली नाही तं तुमची मडम माही पेटी घेऊन जाईन. इळा घरोघरी हाय. म्हून इळा."

मी त्या बायांना जंतू शिकवले होते, साबण शिकवला होता. एका फळ्यावर धनुर्वाताचा जंतू खडूनं काढून दाखवला होता, तो त्यांना मुसळासारखा वाटला होता. पाचवीच्या पाट्यावर काय मांडतात हे आमच्या शिक्षणक्रमात नव्हतं. विलायतेत कात्री ठरवणाऱ्यांच्या घरी सटवाई येत नसावी.

परतताना छकड्यात मी या गोष्टीचा उलटसुलट विचार करत राहिले. लोखंड घरातच राहायला हवं, तर राहू दे. मग ते त्या घराचंच असलं पाहिजे. नवं, कधी गोठा न पाहिलेलं, आणि इतकं स्वस्त की प्रत्येक पोटुशीच्या घरी एकेक देता येईल. मी कमिटीपुढे हे मांडलं. अध्यक्ष म्हणाले, कात्र्या मंजूर झालेल्या आहेत. मी म्हटलं, त्या आढ्याला टांगलेल्या आहेत. ते म्हणाले, मग त्या उतरवण्याबद्दल सूचना काढू. सूचना निघाली. तीही कुठेतरी टांगली गेली असेल.

शिरपूरच्या बाजारात इस्माईलभाई शिकलगार बसत. चाकू, कातर, वस्तरा यांना धार लावण्याचा त्यांचा पिढीजात धंदा. मी त्यांना बोटभर लांबीचं, मूठ नसलेलं पातं हवं म्हणून सांगितलं.

"बाई, इतकुसं?" त्यांनी माझ्या बोटाकडे पाहिलं. "याच्यानं तं कांदाबी कापत नाही. आमचे वालिद तलवारीले पानी देत होते. लोक हासतीन."

"कांदा कापायचा नाही. नाळ कापायची आहे. एकदाच. मग ते त्या घरी राहील."

त्यांनी हातातला वस्तरा खाली ठेवला. सहाणेचं चाक आपोआप फिरत फिरत थांबलं. "आमच्या घरीबी गेले दोन," ते म्हणाले. "आमच्यात सटवी नाई म्हनत. जिन्नात म्हनते. गेले मात्र तसेच, तोंड मिटून." मग एकदम कामाच्या आवाजात, "धार एकाच बाजूनं पाह्यजे का दोन?"

"एका. आणि जुनं लोखंड नको. गोठ्यातलं, बैलाच्या नालेचं, कुठलंच नको."

"जुनं मीबी नाही लावत अशा कामाले."

पुढल्या बाजाराला पाती तयार होती. मी ती उकळून, नाळ बांधायचा दोरा उकळून, दोन्ही स्वच्छ फडक्यात गुंडाळून शिवून टाकलं. सारजानं एक पुडी हातात घेऊन वजन पाहिलं. "हे उशाशी ठेवता येईन," ती म्हणाली. तिच्याकडून याहून मोठं प्रशस्तिपत्र मला पुढेही कधी मिळालं नाही. पहिली पुडी पार्वतीच्या घरी गेली. मी जनाबाईच्या हातात देऊन बजावलं, शिवण उसवायची नाही, सारजा येईल तेव्हा तीच उसवेल. जनाबाईनं पुडी डोक्याला लावली. तेव्हाच मला काळजी वाटायला हवी होती. माणूस औषधाला नमस्कार करू लागला की ते घेईलच याचा भरवसा नसतो.

पार्वतीचे दिवस भरत आले तशी मी किन्हीराजाकडचा फेरा टाळून शिरपूरलाच मुक्काम केला. एका सकाळी, न्याहारीच्या वेळी, किसन धापा टाकत आला. मी पोचले तेव्हा सारजा आधीच खोलीत होती. दुपार कलायच्या आत मुलगी झाली. रडली ती अशी की बाहेरच्या आळीतल्या बाया हसल्या.

"पोरगी हाय," जनाबाई दारातून म्हणाली. "हिले सटवी कायले नेईन."

हे ती समाधानानं म्हणाली की तुच्छतेनं, हे मला आजवर उमगलेलं नाही.

आता वार पडेपर्यंत नाळ कापायची नाही, असा तिकडचा रिवाज. मला तो सोयीचा होता. सारजानं हात धुतले, नखं दाखवली, कारण मी तिथं होते, आणि म्हणाली, "पुडी आना."

जनाबाईनं पितळेचं ताट आणलं. ताटात शेणाचा गोल सारवलेला, शेणावर हळद, हळदीवर कुंकू आणि त्या सगळ्याच्या मधोमध आमचं पातं. फडकं नाही, शिवण नाही. वरून ओलं चकाकत होतं.

सारजानं विचारलं, "हे काय केल्लं व बुढे?"

"शुद्ध केलं. गोमुतरानं धुतलं." जनाबाईचा आवाज स्वच्छ होता. तिनं खरोखर मन लावून काम केलं होतं. "मुसलमानाच्या हातचं लोखंड, अन् तुह्या हातात, अन् माह्या घरातलं लेकरू. शुद्ध नोको करू? चार दिस झाले, रोज पूजा करून राह्यली मी."

चार दिवस ते शेणात होतं. सगळ्या पंचक्रोशीत एखादं पातं जितकं घाण करता येईल तितकं ते अत्यंत भक्तिभावानं केलं गेलं होतं. माझ्या पिशवीत दुसऱ्या पुड्या होत्या. मी एक काढली.

"थे नाही चालत," जनाबाई म्हणाली. "सटवाई ह्या पात्यात बसवली म्या. आता दुसऱ्यानं कापसान तं थे कोपन. माह्या घरात आनसान तुमी दुसरं पातं तं मी सुईनीलेबी हाकलतो अन् तुमालेबी. इळा हाय गोठ्यात."

पार्वती डोळे मिटून पडली होती. मूल तिच्या पोटावर, नाळ अजून जोडलेली. वार पडली. आता कापायचं तेवढं उरलं होतं. मी बोलायला तोंड उघडलं. जंतू, विष, शास्त्र, जे काही मला येत होतं ते सगळं एका दमात बाहेर पडणार होतं, आणि जनाबाई गोठ्याकडे चालू लागली असती.

सारजानं मला कोपरानं ढोसलं. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "बुढे, देवीले आंघोळ घातली का?"

"गोमुतर घातलं ना."

"थे झालं शिंपडनं. मी आंघोळ म्हनतो. नवी देवी बसवली, अन् आंघोळ नाही? तुमच्या घरी देवाले थंड्या पान्यानं घालत असान. ही बाळंतघरातली देवी. हिले ऊन पानी लागते. उकळतं."

"देवीले उकळतं काय?"

"बाळंतिनीले शेकता का नाही? तं देवीले कायले थंड? ठेव पानी चुलीवर. मले तं तुमच्या चुलीले हात लावता येत नाही."

ती शेवटची टोचणी होती की नुसती माहिती, सारजाचा चेहरा पाहून सांगणं अशक्य. पण त्या घरात चुलीवर पाणी ठेवू शकेल अशी एकच बाई होती. बाळंतिणीच्या खोलीत गेलेल्या कुणाला चुलीकडे जायची मुभा नव्हती. जनाबाई आमच्या दोघींकडे आळीपाळीनं पाहत राहिली. तिला काहीतरी पटलेलं नव्हतं, पण देवीची आंघोळ चुकवणं हे तिच्या अंगात नव्हतं. तिनं तांब्याचं भांडं घासलं, पाणी ठेवलं, पातं आत सोडलं.

"कितीक येळ?" चुलीपासून तिनं विचारलं.

सारजानं माझ्याकडे पाहिलं. इथून पुढे माझी पाळी होती. त्या घरात घड्याळ नव्हतं आणि मिनिट कुणाला माहीत नव्हतं. मी देवधर्म मानणारी नव्हे. माझ्या घरी पुस्तकांचं कपाट देव्हाऱ्याच्या जागी आहे, आणि त्यावरून नातेवाइकांनी मला पुष्कळ ऐकवलेलं आहे. तरी मी म्हटलं, "पाचवीला सटवाईचं गाणं म्हणता ना? ते सगळं म्हणून होईपर्यंत."

"पुरं?"

"तीनदा. घाईघाईनं म्हटलेलं तिला चालत नाही."

मग जनाबाई चुलीसमोर बसून गायला लागली. आधी रागानं, ठसक्यात. दुसऱ्यांदा जरा सुरात. तिसऱ्यांदा आळीतल्या दोघीतिघींनी अंगणातून साथ धरली. भांड्यातलं पाणी खळखळत होतं, लहान पातं तळाशी नाचत होतं. आत सारजा नाळ बोटात धरून बसली होती, जशी एखादी बाई सुईत दोरा ओवून शिवायचं कुणीतरी आणून देईल म्हणून बसते. उकळलं की धनुर्वाताचं विष हमखास मरतंच असं नाही, हे मला ठाऊक होतं. ते मी कुणाला सांगितलं नाही. नवं पातं वापरायचं एवढ्यासाठीच तर सगळा खटाटोप होता. आता आम्ही शेणात मुरलेल्या पात्यावर आणि एका गाण्यावर विसंबून होतो.

माझ्या पिशवीतला उकळलेला दोरा चालला, कारण दोऱ्यात देवी बसवलेली नव्हती. सारजानं बांधलं, कापलं. जनाबाई चिमटीत राख घेऊन आली. सवयीची राख, गोवरीची. तिचा हात बेंबीकडे गेला आणि तो मधेच धरला गेला.

पार्वतीनं धरला होता.

"राख नोका लावू, आत्याबाई."

त्या घरात तिला एवढं मोठं वाक्य बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. आवाज मोठा नव्हता. हात मात्र सोडला नाही. जनाबाईनं ओढून पाहिलं, मग सारजाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आम्ही दोघी दुसरीकडेच पाहत होतो.

"मंग काय लावतं?"

"काईच नाही. तीन खेपा लावली."

राख चुलीत परत गेली.

पाचवीला पाटा मांडला, पातं वर ठेवलं, आणि सटवाईनं काय लिहायचं ते लिहिलं असेल. मी त्या घरी रोज जात होते, काही ना काही निमित्तानं. कारण इतकंच, की बाळ पितं का ते पाहायचं. सहावा दिवस गेला. सातव्या दिवशी सकाळी पार्वतीनं पोरीला पाजायला घेतलं आणि पोरीनं तोंड फिरवलं. पार्वती माझ्याकडे पाहत होती. तिला जे दिसत होतं तेच मला दिसत होतं, तिसऱ्या मुलाची मिटलेली मूठ. मी पोरीच्या हनुवटीला बोट लावलं. ती मऊ होती. जबडा सैल होता. पोरीनं माझं बोट तोंडात धरलं, चोखून पाहिलं, आवडलं नाही म्हणून भोकाड पसरलं. तिचं पोट भरलेलं होतं, एवढंच.

पार्वती तेव्हा रडली. आधीच्या तिघांसाठी तिनं राखून ठेवलेलं सगळं. जनाबाई दारातच होती. ती आत आली, सुनेच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "आता रडून राह्यली, तं पोरीचं दूध आटन. चूप."

पोरीचं नाव दगडी ठेवलं. मुलं जगत नसली की असं नाव ठेवतात, म्हणजे देवीला ती नेण्याजोगी वाटत नाही. पुढल्या बाल-सप्ताहाला मी पार्वतीला आग्रह करून दगडीला घेऊन यायला लावलं. तराजूत ती हलकीच भरली. पेला एका सरकीवाल्या शेटजींच्या नातवाला मिळाला. बाईसाहेबांनी दगडीच्या गालाला हातमोज्यानं स्पर्श केला आणि पार्वतीला आहाराबद्दल इंग्रजीत उपदेश केला. पार्वतीनं आदरानं ऐकून घेतला. परत येताना मला म्हणाली, "बाई, माही पोरगी तोलायले आली, लय झालं. काटा हालला ना."

पात्यांचं पुढे काय झालं ते लांबवत नाही. कमिटीनं ती कधीच मंजूर केली नाहीत. इस्माईलभाई करत राहिले, बाया त्यांना ज्वारी घालत राहिल्या. सारजानं आंघोळीचं सोंग एवढ्या चवीनं गावोगाव नेलं की शेजारच्या गावच्या सुइणी स्वतःहून विचारायला येऊ लागल्या. सगळीकडे पोचलं असं मुळीच नाही. धनजकडे एका घरात मी नवं पातं दिलं, तिथे त्यांनी पातं देव्हाऱ्यात ठेवलं आणि नाळ विळ्यानं कापली, कारण देवीला रक्त कसं लावायचं. त्या घराच्या दारात मी चप्पल काढलीच नाही. असे दरवाजे मला झोपेतसुद्धा ओळखता येतात, आणि ते थोडे नाहीत.

नोकरी सोडल्यावर बऱ्याच दिवसांनी, गेल्या हिवाळ्यात, मी शिरपूरला गेले. देवळापाशी यात्रेकरूंची गर्दी होती. इस्माईलभाई गेले, त्यांचा मुलगा बसतो. त्याच्यासमोर तीच बोटभर पाती मांडलेली, आता प्रत्येकाला लाल धागा बांधलेला. मी विचारलं, हे काय. तो मला ओळखत नव्हता. म्हणाला, "सटवाईचं पातं. पोटुशी हाय का घरी कोनी?" मी म्हटलं, नाही. "मंग नोका घेऊ. उगाच घरात ठेवत नाही थे." विक्री नाकारणारा दुकानदार मी वाशीमपासून नागपूरपर्यंत पाहिला नव्हता.

पार्वती अंगणात गोधडी शिवत होती. केस पिकलेले. सारजा आणि जनाबाई दोघी थोड्याच अंतरानं गेल्या, म्हणाली. जाण्याआधी जनाबाई सारजाला अंगणात बसवून चहा द्यायची. वेगळ्या कपात, पण बसवून. दगडी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. चांगली उंच, दोन यत्ता शिकलेली, तोंडानं फटकळ. आढ्याला शिवलेली पुडी टांगलेली होती.

"हेल्तबाई, तुमीच सांगा आता मायले," दगडी म्हणाली. "पातं नवं हाय, शिवून ठेवलं हाय, कोनी हात लावला नाही. मंग अजून उकळायचं कायले? म्हने देवीची आंघोळ."

मला बरं वाटलं. इतक्या वर्षांनी कुणीतरी कारण विचारत होतं. मी सरसावून बसले. जंतू म्हणजे काय, तो कुठे असतो, डोळ्यांना का दिसत नाही, हे सगळं आता शेवटी या घरात बोलता येणार होतं. मी सुरुवात केली. दगडीनं मन लावून ऐकलं आणि म्हणाली, "पन दिसत नाही ना? मंग नवीन पात्यावर कसा येईन?"

पार्वतीनं सुई थांबवली. माझ्याकडे पाहून अगदी हलकेच म्हणाली, "बाई, मले ठाव हाय थे विष हाय. सारजामावशीनं मले कवाच सांगतलं. पन विष म्हटलं तं ही अशी वाद घालते. सटवाई म्हटलं तं उठून पानी ठेवते."

दगडी आम्हा दोघींकडे पाहत होती, पोटावर हात ठेवून. तिची वेळ जवळ आली होती. हे अंगावरून दिसत होतं. तिथून दवाखाना छकड्यानं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर होता, आणि मी दुसऱ्या सकाळी परतणार होते.

"बरं, आंघोळ तं आंघोळ," ती म्हणाली. "कितीक येळ घालायची, थे तरी सांगा."

मी पुस्तकं वाचणारी बाई. जन्मभर ज्यांना हसले ते सगळे पुजारी आणि अध्यक्ष मला त्या क्षणी आठवले.

"गाणं पुरं तीनदा म्हणून होईपर्यंत," मी म्हटलं. "आणि घाईघाईनं नाही."